कावेरीचे पाणी आणि फुटांचा वर्ग

तंजावरच्या शेतकऱ्याचे लक्ष उन्हाळ्याच्या अखेरीस दूरच्या मेट्टूर धरणाकडे लागलेले असते. १९३४ साली पुऱ्या झालेल्या या धरणाची पातळी आजही फुटांतच सांगितली जाते. १२० फूट म्हणजे धरण भरले. सोडलेले पाणी मोजावयाचे तेही क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट अशा हिशेबाने. मेट्रिक मापांचा कायदा भारतात १९५६ साली झाला, १९५८ पासून ती मापे व्यवहारात येऊ लागली, साखर किलोने आणि कापड मीटरने मिळू लागले. पण कालव्यांच्या दप्तरातून फूट काही हलला नाही. जुनी कोष्टके समोर ठेवून नवा हिशेब मांडणाऱ्याला या दोन मापांत ये-जा करावीच लागते. लांबीपुरती ती सोपी आहे. पाण्याच्या श्यानतेशी गाठ पडली की मात्र वाटेत एक फसवी पायरी लागते.

श्यानतेचा आणि तंजावरचा संबंध गाळातून येतो. श्रीरंगम् बेटाच्या माथ्याशी कावेरीला दोन फाटे फुटतात. त्यांतील कोळ्ळिडमचे पात्र अधिक खोल. कावेरीच्या मुखाशी गाळ साचत गेला, तसतसे पाणी कोळ्ळिडमकडे ओढले जाऊ लागले आणि तंजावरची भातशेती तहानेली राहू लागली. येथे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी मराठी राज्य स्थापिले. पुढे १७९९ च्या तहाने प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला व सरफोजीराजांच्या हाती केवळ तंजावरचा किल्ला उरला. जमीन ‘वेली’ने आणि भात ‘कलम’ने मोजणाऱ्या या प्रांतात इंग्रजी फूट स्थिरावला तो या कारभाराबरोबर. १८३६ साली आर्थर कॉटन याने फाट्यावर बंधारा घालून पाणी पुन्हा कावेरीकडे वळविले. गाळाचा प्रश्न मात्र कोणत्याही कालव्याला कायमचा सुटत नाही.

गाळाचा कण पाण्यात किती वेगाने खाली बसेल, हे पाण्याच्या दाटपणावर अवलंबून असते. मध सावकाश ओघळतो, पाणी भराभर वाहते. द्रवाच्या अंगी असलेला हा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. तिला द्रवाच्या घनतेने भागले की जी राशी मिळते तिला शुद्धगतिक श्यानता म्हणतात. या भागाकारात एक मोठी सोय होते. पौंड वरही असतो, खालीही असतो, आणि तो उडून जातो. पौंड वजनाचा की वस्तुमानाचा, हा इंग्रजी मापांतला जुना तंटाच मग उरत नाही. शिल्लक राहते ते सेकंदामागे क्षेत्रफळ: चौरस फूट किंवा चौरस मीटर. पाण्याच्या गुणधर्माला क्षेत्रफळाचे माप लागावे हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण स्थिर काठाला लागून असलेल्या पाण्याचा संथपणा प्रवाहाच्या आत किती झपाट्याने पसरतो, याचेच हे माप आहे असे समजले की नवल ओसरते.

सेकंद दोन्ही पद्धतींत एकच. तेव्हा बदलावयाचा तो केवळ फूट; पण तो वर्गात आहे. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, एक चौरस फूट म्हणजे त्याचा वर्ग, ०.०९२९०३०४ चौरस मीटर. उलट दिशेने गुणक सुमारे १०.७६. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावाचे एकक, स्टोक्स, म्हणजे सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर. त्याचा शंभरावा भाग तो सेंटिस्टोक. पाण्याची श्यानता एका सेंटिस्टोकच्या आसपास असल्याने हे एकक जिभेला व कागदाला दोहोंना सोयीचे.

वर्ग करावयाचा राहून गेला तर काय होते? फुटांतील आकडा एकदाच ०.३०४८ ने गुणला, तर पाणी कागदावर सव्वातीन पट दाट होते, गाळ बसता बसत नाही असे दिसते, आणि निवळण हौद गरजेच्या तिप्पट मोठा बांधला जातो. यात पैसा वाया जातो, इतकेच. मेट्रिक आकडा फुटांत नेताना १०.७६ ऐवजी ३.२८ ने गुणणे अधिक वाईट. मग गाळ झटपट बसेल असे वाटते, हौद लहान होतो आणि गढूळ पाणी पुढे जाते.

गुणाकार अचूक असूनही उत्तर चुकू शकते, ते उष्णतामानामुळे. इंग्रजी कोष्टकात ६० अंश फॅरनहाइटला पाण्याची शुद्धगतिक श्यानता सेकंदाला ०.००००१२१ चौरस फूट दिलेली असते. रूपांतर केल्यास १.१२ सेंटिस्टोक. विलायतेतल्या थंड पाण्याला हा आकडा शोभतो. तंजावरच्या कालव्यातले पाणी ३० अंश सेल्सियस धरले, तर खरी श्यानता ०.८० सेंटिस्टोक भरते. दोन शतांश मिलिमीटर जाडीचा वाळूच्या जातीचा कण स्थिर पाण्यात सोडला, तर पहिल्या आकड्याप्रमाणे तो तासाला सुमारे १.१५ मीटर खाली जाईल. तंजावरच्या कोमट पाण्यात तोच १.६ मीटर जातो.