विजेची सायकल – लेखांक ५ : बॅटरीचे आयुष्य आणि मालकाच्या सवयी

मागील लेखांकात मोटरचे प्रकार आणि भारतातील कायदेशीर मर्यादा यांचा विचार झाला. ज्या सायकलीच्या मोटरची सलग ३० मिनिटे देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असते आणि वेग ताशी २५ किलोमीटरवर पोहोचताच किंवा पायडल मारणे थांबताच जिचे साहाय्य बंद होते, ती सायकल ब्रेक, परावर्तक आणि वजन यांसंबंधीच्या अटी पाळत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही, हे तेथे स्पष्ट केले होते. मोटर बरीच वर्षे फारशी तक्रार न करता चालते. झिजून संपणारा आणि बदलताना सर्वाधिक खर्चात पाडणारा भाग म्हणजे बॅटरी. तिचे आयुष्य कारखान्यात जितके ठरते, तितकेच ते मालकाच्या रोजच्या सवयींनी ठरते, आणि प्रस्तुत लेखांकाचा विषय हाच आहे.

बॅटरी हा शब्द व्यवहारात एका पेटीसाठी वापरला जात असला, तरी त्या पेटीत अनेक लहान विद्युतघट, म्हणजे सेल, एकमेकांना जोडून बसवलेले असतात. त्यांपैकी सर्वांत रूढ सेल सुमारे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा दंडगोल असून त्याच्या मापावरूनच त्याला १८६५० असे नाव पडले आहे. लिथियम-आयन प्रकारच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. असे १० सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्टची बॅटरी तयार होते, आणि म्हणूनच तिचा चार्जर ४२ व्होल्टवर थांबतो. बॅटरीत किती ऊर्जा मावते हे वॅट-तासांत मोजतात आणि व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की तो आकडा मिळतो. त्यानुसार ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॅट-तासांची ठरते. १००० वॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरील एक युनिट असल्याने, चार्जरमधील घट धरूनही, अशी बॅटरी एकदा भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. यावरून सायकलीचा खरा खर्च विजेचा नसून बॅटरीच्या झिजेचा आहे, हे लक्षात येते.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणलेल्या आणि ज्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ग्राफाइटच्या ऋण बाजूकडून धातूच्या ऑक्साइडच्या धन बाजूकडे आणि चार्जिंगच्या वेळी उलट दिशेने ये-जा करीत असतात. पहिल्या काही चार्जिंगमध्येच ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर तयार होतो, जो पुढील रासायनिक हानी रोखतो आणि म्हणून आवश्यकही असतो. मात्र तो थर पुढेही हळूहळू जाड होत राहतो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामास येत नाही. बॅटरी म्हातारी होते म्हणजे मुख्यतः हेच घडते. ही क्रिया सायकल उभी असतानाही चालू असते, उष्णतेत ती वेग घेते आणि सेल काठोकाठ भरलेला असताना अधिक वेग घेते. म्हणूनच कमी वापरलेली बॅटरी आपोआप जास्त टिकेल, हा सर्वसाधारण समज अपुरा ठरतो.

बॅटरीचे आयुष्य मोजण्याचे दुसरे परिमाण म्हणजे आवर्तन, ज्यात शंभर टक्के ऊर्जा एकदा वापरून परत भरणे अभिप्रेत असते. अर्धी बॅटरी दोनदा वापरली तरी आवर्तन एकच धरतात. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वापरणारे सेल साधारणपणे ५०० ते १००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात, तर लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल अधिक जड असूनही २००० किंवा त्याहून अधिक आवर्तने देऊ शकतात. स्वार स्वतःही पायडल मारीत असेल आणि दर किलोमीटरला बॅटरीतून १२ वॅट-तास खर्च होत असतील, तर ३६० वॅट-तासांत सुमारे ३० किलोमीटर आणि ५०० आवर्तनांत क्षमतेतील घट धरूनही १३ हजार किलोमीटरच्या वर अंतर कापता येते. रोज १५ किलोमीटर जाणाऱ्या आणि वर्षातील ३०० दिवस सायकल वापरणाऱ्या व्यक्तीसाठी हा जवळजवळ तीन वर्षांचा प्रवास आहे. तो तीन वर्षांचा राहतो की पाच वर्षांवर जातो, हे पुढील गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी किती भरलेली ठेवावी. रोजच्या वापरात ती सुमारे २० आणि ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिली, तर सेलवरील ताण कमी होतो, आणि ज्यांचे रोजचे अंतर थोडे आहे त्यांना चार्जर वेळेआधी काढून हे सहज साधते. तरीही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरणे आवश्यक असते, कारण तिच्यातील नियंत्रक यंत्रणा, जिला बीएमएस म्हणतात, बहुतेक बॅटऱ्यांत चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यातच सर्व सेलचे दाब समान पातळीवर आणते. लांबच्या प्रवासासाठी बॅटरी पूर्ण भरायची असल्यास ते काम निघण्याच्या थोडे आधी संपेल असे पाहावे, म्हणजे ती भरलेल्या स्थितीत रात्रभर पडून राहत नाही. पावसाळ्यात किंवा सुटीत सायकल महिना-दोन महिने बंद ठेवायची असेल, तर बॅटरी निम्मी भरून, सायकलीपासून काढून, घरातील थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्याकाठी तिची पातळी पाहावी. रिकामी बॅटरी तशीच विसरून जाणे ही मोठी चूक ठरते. कारण बीएमएस स्वतःही थोडी वीज खात राहतो, सेलचा दाब धोक्याच्या मर्यादेखाली उतरतो, आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि अशा सेलला पुन्हा चार्ज केल्यास आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका संभवतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची आहे आणि महाराष्ट्राच्या संदर्भात ती सर्वांत गंभीर आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्या उन्हात उभ्या केलेल्या सायकलीची बॅटरी हवेपेक्षाही अधिक तापते. अनेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ अंशांची वरची मर्यादा देतात, म्हणून भर दुपारी तापलेल्या बॅटरीला चार्जर लावणे टाळून रात्री किंवा पहाटे ते काम करावे. घाट चढून आल्यावरही बॅटरीला निवायला अर्धा तास द्यावा. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरसाठी सुमारे १०० वॅट पुरतात, पण ५ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरसाठीच अडीचशे वॅटहून अधिक शक्ती लागते. ही वाढीव शक्ती सारी बॅटरीतून घेतली तर विद्युतप्रवाह वाढतो आणि प्रवाह दुप्पट झाला की आतील रोधामुळे निर्माण होणारी उष्णता चौपट होते. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकणारा आणि स्वतःच्या पायांचा वाटा उचलणारा स्वार या अर्थाने बॅटरीचीच निगा राखत असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. सायकलीच्या भागांवर लिहिलेल्या आयपी संकेतातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. दुसरा अंक ४ असेल तर शिंतोडे, ५ असेल तर पाण्याचा झोत आणि ७ असेल तर ठरावीक काळ बुडणे सहन होते, आणि हे आश्वासन नव्या, न उसवलेल्या रबरी सीलपुरतेच असते. कोकणातील आणि गोव्यातील धुवाधार पावसात, त्यातही किनाऱ्याच्या खारट हवेत, बॅटरी आणि सायकल यांना जोडणाऱ्या तांब्या-पितळेच्या संपर्कांवर हिरवट गंज चढतो, रोध वाढतो आणि जोड तापू लागतो. त्यामुळे भिजलेली सायकल घरी आणल्यावर संपर्क कोरड्या कापडाने पुसावेत, चार्जिंगच्या छिद्राचे झाकण नीट बसते का ते पाहावे, ओल पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावू नये, आणि वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवाऱ्याने सायकल धुणे टाळावे.

सुरक्षिततेचा प्रश्न या तिन्ही गोष्टींच्या पलीकडचा आहे. एखाद्या सेलमध्ये शॉर्ट सर्किट झाले की तो इतका तापतो की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, आणि धन बाजूचे ऑक्साइड तापल्यावर स्वतःच प्राणवायू सोडत असल्याने अशी आग विझवणे अवघड जाते. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्या शहराने मान्य सुरक्षा मानकानुसार प्रमाणित नसलेल्या विजेच्या सायकली विकण्यास मनाई केली. तेथील अनुभवातून निघालेले नियम भारतातील फ्लॅटमध्येही लागू पडतात: बॅटरीसोबत आलेला किंवा उत्पादकाने सुचवलेलाच चार्जर वापरावा, घराबाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्यात किंवा पलंगाजवळ चार्जिंग करू नये, झोपताना चार्जर चालू ठेवू नये, आणि बॅटरी फुगली, पडून चेपली किंवा तिला विचित्र वास येऊ लागला तर तिचा वापर तत्काळ थांबवावा. धूर दिसल्यास बॅटरी उचलण्याच्या फंदात न पडता सर्वांना बाहेर काढून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवणे, हेच योग्य.

क्षमता घटलेल्या बॅटरीत स्थानिक कारागिराकडून नवे सेल बसवून घेण्याचा मार्ग स्वस्त वाटतो, परंतु जुन्या आणि नव्या सेलची क्षमता जुळत नसेल तर दुबळा सेल प्रत्येक आवर्तनात प्रमाणाबाहेर ताणला जातो, आणि सेलवर थेट कावीया टेकवून डाग देणाऱ्या हातांत ही पेटी सोपवणे धोक्याचे असते. निकामी बॅटरी भंगारात किंवा घंटागाडीत टाकणेही तितकेच धोक्याचे, कारण कचरा दाबणाऱ्या यंत्रात ती चिरडली की पेट घेऊ शकते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असून, त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणे हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरवले आहे.

म्हणून विजेची सायकल विकत घेताना वेग आणि रंग यांच्याआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत: सेल कोणत्या रसायनाचे आणि कोणत्या उत्पादकाचे आहेत, हमीपत्रात किती वर्षांनंतर किती टक्के क्षमता राहील असे लिहून दिले आहे, बॅटरी सायकलीपासून काढता येते का, आणि पाच वर्षांनंतर तीच बॅटरी बदलून मिळेल का. या प्रश्नांची उत्तरे न देणाऱ्या दुकानातून घेतलेली सायकल उत्तम मोटर असूनही बॅटरी संपताच अडगळीत जाण्याची शक्यता मोठी असते. उलट, बदलता येणारी बॅटरी आणि तिची निगा राखणारा मालक यांची जोड जमली, तर ही सायकल दहा वर्षेही सहज चालू शकते आणि स्वस्त, स्वच्छ वाहन म्हणून तिच्याकडून केली जाणारी अपेक्षा खऱ्या अर्थाने पुरी होते.

पुढील लेखांकात ब्रेक, साखळी, आरे आणि टायर या भागांचा विचार होईल, कारण वाढलेले वजन आणि मोटरचा जोर यांमुळे साध्या सायकलीच्या तुलनेत ते अधिक वेगाने झिजतात.