एकच आरएनए, वाचण्याच्या तऱ्हा वेगळ्या

आरएनए विषाणू पेशीत शिरला की आपल्या डीएनएत घुसतो, अशी समजूत अनेकांची आहे. एचआयव्हीबाबत ती खरी आहे. पण पोलिओ, डेंगी, गोवर किंवा रेबीजचे विषाणू आपल्या डीएनएच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या आरएनएच्या प्रती पेशीद्रवातच निघतात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: आरएनए आत पोचला की रायबोसोम तो वाचून प्रथिने बनवू लागतात. पोलिओचे तसेच होते. त्याचा सुमारे ७,५०० अक्षरांचा आरएनए ‘धन’ जातीचा, म्हणजे रायबोसोमला थेट वाचता येणारा. शुद्ध करून नुसता पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होतात. त्यावरून आधी एकच लांबलचक प्रथिन बनते आणि विषाणूची विकरे त्याचे तुकडे करतात. पेशीच्या बहुतेक एमआरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. तीच रायबोसोमला बोलावते. पोलिओकडे ती नाही! त्याच्या आरएनएत रायबोसोम थेट बसू शकेल अशी जागा असल्याचे १९८८ मध्ये दिसले. वर टोपी ओळखणाऱ्या यंत्रणेतले एक प्रथिनही हा विषाणू तोडतो. पेशीचे बरेचसे काम ठप्प, त्याचे मात्र सुरू.

रेबीजचा आरएनए ‘ऋण’, म्हणजे उलट अक्षरांचा. रायबोसोमला त्यातून काही उमगत नाही. आधी सुलट प्रत हवी, आणि ती काढून देणारे विकर पेशीकडे तयार नसते. मग पहिली प्रत काढते कोण? डेव्हिड बाल्टिमोर, अॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांना १९७० मध्ये उत्तर मिळाले. रेबीजच्याच कुळातला, गुरांना तोंडात फोड आणणारा एक विषाणू हे विकर आपल्या कणातच घेऊन येत होता. त्याच वर्षी बाल्टिमोर यांनी कर्करोग घडवणाऱ्या आरएनए विषाणूंतही विकर शोधले, आणि हाती लागले आरएनएवरून डीएनए घडवणारे. हॉवर्ड टेमिनही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. १९७५ च्या नोबेलमध्ये दोघेही होते.

इन्फ्लुएन्झाही ऋण जातीचा आणि विकर सोबत आणणारा, पण टोपीसाठी परावलंबी. म्हणून तो केंद्रकात जातो, पेशीच्या ताज्या आरएनएचे टोपीसकट टोक छाटतो आणि त्यापुढे आपला एमआरएनए वाढवतो. २०१८ मध्ये जपानने मान्यता दिलेले बॅलोक्साविर नेमकी ही छाटणी रोखते.

फ्लूवर अझिथ्रोमायसिन मागणाऱ्यांचा घोटाळाही इथेच आहे. ते औषध जिवाणूंच्या रायबोसोमला अडवते. फ्लूच्या विषाणूची प्रथिने मात्र आपल्याच रायबोसोमवर बनतात.