सात मुलांची सरासरी

केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी, वाळूची एक टेकडी आहे. वाऱ्याने वाळू साठत गेली आणि टेकडी झाली, असे बघणाऱ्याला सहज वाटते. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आणि निराळा तर्क मांडला. ही वाळू त्सुनामीच्या लाटेने आणून टाकली असावी, असे त्यांचे म्हणणे. वास्को द गामाचा ताफा १५२४ साली दाभोळच्या समुद्रात असताना वारा नसतानाही समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगीज इतिहासात आहे, ती या तर्काशी जुळते. पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. वाऱ्याने साठलेली वाळू थरांत कशी दिसते, लाटेने एका दमात टाकलेली कशी दिसते, थरात काय सापडले तर कोणता तर्क टिकेल आणि कोणता सोडावा लागेल, हे प्रश्न त्या टेकडीसमोर उभे राहून विचारता येतात. सागरी महामार्गाच्या पुलापायी टेकडीची नासधूस झाली, याचे म्हणूनच फार वाईट वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला संशोधनाचा पहिला तास इथे मिळायला हवा.

आज तो तास वर्गात, फळ्यावरच्या व्याख्येने सुरू होतो. समस्या विधान, कार्यात्मक व्याख्या, शून्य परिकल्पना, न्यादर्श, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य. डीएलएड असो वा बीएड, छात्राध्यापक हे शब्द पाठ करतो आणि दुसऱ्या वर्षी त्याच्यापुढे कृतिसंशोधनाचा अहवाल येऊन पडतो. मग गेल्या वर्षीच्या कुणाची तरी फाइल शोधली जाते, शाळेचे नाव बदलते, बाइंडिंग होते. ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुकांचा शोध व उपाययोजना’ हा विषय महाराष्ट्रात किती वेळा लिहिला गेला असेल! आणि प्रत्येक वेळी उपाययोजना यशस्वी. उपाय फसला, असे लिहिणारी फाइल मिळणे मुश्कील, कारण फसलेल्या उपायाला गुण मिळतील असे त्या छात्राध्यापकाला कुणी सांगितलेलेच नसते.

कृतिसंशोधनाची कल्पना मुळात अशी नव्हती. कुर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनावर लिहिले ते सामाजिक प्रश्नांसाठी. काम करत करत शिकायचे, शिकलेले पुन्हा कामात घालायचे. १९५३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले स्टीफन कोरी यांनी ती कल्पना शाळेत आणली. पुढे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ साली शिक्षकालाच संशोधक मानले. आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ च्या नियमांत बीएड दोन वर्षांचे केले आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून करायच्या सरावाला, वीस आठवडे दिले. वीस आठवडे ही लहान मुदत नाही. एका मुलाचे वाचन कुठे अडते, हे पाहायला तेवढा वेळ पुरतो.

लेविन लिहीत होते त्याच सुमारास, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येत नव्हती. का येत नाहीत, ते त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिले आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. थोरली मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा कुरणशाळा काढली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तिथेही हाच शिरस्ता राहिला. अडचण दिसली की आधी तिचे कारण पाहायचे, मग पद्धत बदलायची, मग बदललेली पद्धत पुन्हा तपासायची. कृतिसंशोधन याहून वेगळे ते काय? डीएलएडच्या वर्गात लेविनचे नाव जरूर सांगावे, पण आधी अंगणवाडी कशी जन्मली ते सांगावे.

आता दापोली-मंडणगडच्या शाळांकडे येऊ. माणसे मुंबईला गेली, वाड्या रिकाम्या झाल्या. डोंगरातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत वीसच्या आत पट आहे, एक किंवा दोन शिक्षक आहेत आणि एकाच खोलीत तीन-चार इयत्ता बसतात. इथे आंतरवासितेला आलेल्या छात्राध्यापकाला पुस्तक सांगते की प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट करा. चौथीत एकूण मुले सात. ती दोन गटांत विभागली तरी खोली एकच, तेव्हा एका गटाला शिकवलेले दुसऱ्याच्या कानावर पडणारच. सातांत एकाचे गुण तीनवरून दहावर गेले की सगळ्या वर्गाची सरासरी एका गुणाने चढते, मग बाकीचे सहा जण होते तिथेच असले तरी. अहवालात लिहिले जाते, ‘वर्गाची प्रगती झाली.’ प्रगती एका मुलाची झाली, आणि ती का झाली हे सरासरी सांगत नाही. लहान पटाच्या शाळेला हवी व्यक्ती-अभ्यासाची पद्धत. एकेका मुलाची रोजची नोंद, त्याची वही, त्याची चूक आणि त्या चुकीमागचे कारण. संख्याशास्त्र शिकवूच नये असे मी म्हणत नाही. कोणत्या ठिकाणी ते लागू पडत नाही, हे आधी शिकवावे.

अशा व्यक्ती-अभ्यासाचे एक उदाहरण घेऊ. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत आली. ‘बावन्न’च्या जोडीला ‘पन्नास दोन’. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारण दिले होते, की मराठी संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर, शिवाय जोडाक्षरे, त्यामुळे मुले गोंधळतात. वाद विधानसभेपर्यंत गेला. भाषेचे काय होणार यावर सगळे बोलले. मुले खरोखर कुठे अडतात, हे वर्गात बसून पाहिले पाहिजे, असे म्हणणारे थोडे.

हे पाहणे एका छात्राध्यापकाला जमण्यासारखे आहे. दुसरीच्या मुलाला जवळ बसवून बावन्न, पंचवीस, एकोणसाठ, एकोणसत्तर अशा दहाएक संख्या सांगायच्या आणि लिहायला लावायच्या. मग त्याने लिहिलेले त्यालाच वाचायला सांगायचे. शेवटी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या पुढे ठेवून तीच संख्या मांडायला सांगायची. एक मूल बावन्न ऐकून २५ लिहील, पण काड्या मांडताना पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवील. त्याला संख्या कळली आहे, अडचण फक्त लिहिण्याच्या क्रमाची आहे. दुसरे मूलही २५ लिहील आणि दोन गठ्ठे, पाच सुट्या मांडील. त्याच्या मनात संख्याच उलटी बसली आहे. तिसरे एकोणसाठला ६९ लिहील, म्हणजे ‘साठ’ ऐकताच त्याचा हात सहावर गेला. पहिल्या दोघांच्या वहीत चूक एकच दिसते, उपाय मात्र दोन. लेखी चाचणीच्या गुणांत हा फरक कधीच दिसणार नाही. काड्या, वही आणि शेजारी बसून लिहिलेली नोंद, एवढ्या साधनांवर हे संशोधन होते. ते करताना चल, साधन, सप्रमाणता हे शब्द आपोआप गरजेचे वाटू लागतात. तेव्हा ते शिकवावेत.

मोठ्या अभ्यासांनाही अशा जवळून पाहण्याची जोड लागते. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने २००५ पासून देशभरात किती मुले वाचू शकत नाहीत ते दाखवले, आणि ते दाखवणे आवश्यक होते. का वाचू शकत नाहीत, यासाठी पालघर जिल्ह्यातले वाडा आणि कर्नाटकातले यादगीर इथल्या शाळांत मुलांच्या मागे काही वर्षे राहून साक्षरतेचा अभ्यास झाला. अर्थाशिवाय अक्षरे गिरवत राहण्यात मुलांचा किती काळ जातो, हे त्यातून पुढे आले. वाड्याजवळच्या सोनाळ्यात क्वेस्ट ही संस्था २००७ पासून शिक्षकांबरोबर असेच काम करते आहे. छात्राध्यापकांच्या वाचनात हे अभ्यास यावेत, मराठीत यावेत, आणि तेही पहिल्या वर्षीच.

राहिला प्रश्न मूल्यमापनाचा, आणि खरी गाठ तिथेच आहे. ज्या अहवालाचे गुण बाइंडिंग आणि टी-मूल्यावर ठरतात, तो अहवाल नक्कलच होणार. त्याऐवजी छात्राध्यापकाची रोजची नोंदवही तपासावी, मुलांच्या चुकांचे मूळ कागद मागावेत आणि ‘माझा अंदाज कुठे चुकला’ या भागाला वेगळे गुण द्यावेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होते तिथे आंतरवासितेतल्या छात्राध्यापकांना अर्धा तास द्यावा. केंद्रप्रमुख आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक समोर बसलेले असताना त्यांनी आपल्या दोन-तीन मुलांच्या नोंदी वाचाव्यात. तिथे बसलेल्या शिक्षकांनी तीच चूक आपल्या वर्गात शोधून बघावी आणि काय दिसले ते पुढच्या परिषदेत सांगावे. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही की जादा निधी. अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यांनी आणि केंद्रप्रमुखांनी एकत्र बसून वेळापत्रक आखले, तर येत्या वर्षाच्या आंतरवासितेपासूनच हे सुरू करता येईल.