विमानातलं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कहून बेल्जियममधल्या लिएजकडे निघालेलं एक बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर अर्ध्याएक तासात माघारी वळलं. वैमानिकाने नियंत्रण कक्षाला कारण सांगितलं ते असं : विमानात एक घोडा आहे, तो आपल्या कप्प्यातून सुटलाय आणि काही केल्या त्याला पुन्हा बांधता येत नाहीये. उतरण्याआधी वजन कमी करायला सुमारे वीस टन इंधन अटलांटिकवर सोडून द्यावं लागलं. या संभाषणाची ध्वनिफीत जगभर फिरली आणि विमानाच्या मधल्या वाटेने दुडक्या चालीत हिंडणारा घोडा लोकांनी आपापल्या मनात रंगवला. प्रत्यक्षातला प्रकार करुण होता. हवेच्या गचक्यांनी बिथरलेल्या त्या जनावराने पुढचे पाय अडसरावरून बाहेर टाकले होते आणि ते अर्धं आत, अर्धं बाहेर असं अडकून पडलं होतं. शेवटी त्याला दयामरण द्यावं लागलं.

जगाच्या आकाशात घोडे रोज कुठून ना कुठून उडत असतात. शर्यतीचे घोडे, पोलोचे घोडे, वळू म्हणून दर हंगामाला गोलार्ध बदलणारे घोडे. बहुतेक उड्डाणं इतकी बिनबोभाट होतात की त्यांची बातमी होत नाही. म्हणूनच असा एखादा अपघात कानावर आला की त्यावरून ऐकीव समजुतींचा डोलारा उभा राहतो.

त्यातली सर्वांत पक्की समजूत म्हणजे घोड्याला गुंगीचं औषध देऊन, जवळजवळ झोपवूनच नेतात. खरं तर नेहमीच्या प्रवासात बहुतेक घोड्यांना असं काहीच देत नाहीत. विमान चढताना, उतरताना, वळताना घोड्याला चार पायांवर आपला भार सारखा सावरावा लागतो. गुंगीत तोल जातो, रक्तदाब उतरतो, आतड्यांची हालचाल मंदावते. शर्यतीच्या घोड्यापुढे आणखी एक पेच असतो. औषधाचे अंश नंतरच्या तपासणीत सापडले, तर जिंकलेली शर्यतही हातची जाऊ शकते. ॲसेप्रोमाझिन किंवा डेटोमिडिनची कुपी सोबतच्या जाणकाराकडे असते, पण ती एखाद्या बिथरलेल्या घोड्यासाठी राखून ठेवलेली.

दुसरी समजूत, की घोडा सामानाबरोबर विमानाच्या पोटातल्या अंधारात कोंबला जातो. घोडे मालवाहू विमानाच्या मुख्य मजल्यावर असतात आणि तिथे हवेचा दाब प्रवासी विमानासारखाच राखलेला असतो. घोडा शिडी चढून विमानात जात नाही. जमिनीवरच त्याला ‘जेट स्टॉल’ नावाच्या कप्प्यात चढवतात, मग अख्खा कप्पा यंत्राने उचलून विमानाच्या दारापाशी नेतात आणि रुळांवरून आत सरकवतात. एका कप्प्यात तीन घोडे मावतात. दोनच ठेवले तर ऐसपैस, एकच ठेवला तर राजेशाही. या धंद्यातली माणसं त्याला थट्टेने इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट क्लास म्हणतात, आणि भाडंही त्याच चढत्या क्रमाने असतं. सईस सोबत असतातच. चढताना-उतरताना तोंडासमोर गवताची जाळी टांगलेली असते. चघळत राहिलं की कानातला दाबही सुटतो आणि जनावर रमतं.

तासन्‌तास उभं राहिल्याने घोड्याचे हाल होत असतील, ही दया मात्र अनाठायी. पायांतल्या स्नायुबंधांची रचनाच अशी असते, की घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं खरं, पण एका प्रवासापुरती ती चुकली तर बिघडत नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. चरताना घोड्याची मान दिवसातला बराच वेळ खाली असते. त्यामुळे नाकाघशातला चिकट स्राव, धूळ आणि जंतू आपोआप बाहेर वाहून जातात. प्रवासात त्याची मान आखूड दोराने उंच बांधलेली राहिली, तर हा निचरा थांबतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घोड्यांची डोकी अशी वर बांधून पाहिलं, तेव्हा ६ ते १२ तासांतच त्यांच्या श्वासनलिकेत जिवाणू भराभर वाढलेले आढळले. पुढची पायरी म्हणजे फुफ्फुसाला आणि त्याच्या आवरणाला सूज. यालाच प्रवासज्वर किंवा ‘शिपिंग फीव्हर’ म्हणतात. नाव ऐकून साधा शिणवटा वाटतो, पण घोडा यातून उठला तरी त्याची शर्यतीची कारकीर्द संपू शकते, आणि कित्येकदा तो उठतही नाही.

निघण्याआधी पेनिसिलिन टोचलं की काम भागलं, असं मानणारे मालक-प्रशिक्षक अजूनही भेटतात. अशाच प्रयोगांमध्ये पेनिसिलिनचा भरवशाचा उपयोग दिसला नाही. उपयोग होतो तो दोर सैल ठेवण्याचा, मान खाली नेऊ देण्याचा, गवत भिजवून धूळ बसवण्याचा आणि पाणी पाजत राहण्याचा. घोडे परक्या पाण्याला तोंड लावायला तयार नसतात, म्हणून जाणते सईस त्यात थोडा सफरचंदाचा रस मिसळून चव ओळखीची करून ठेवतात. पाणी कमी पडलं की आतड्यातला चारा घट्ट होतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातला बिघाड वरून बाहेर पडायला वाट नसते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवसापासून दाणा कमी आणि गवत जास्त.

यात एक गंमत अशी, की विमान हवेत असताना आतली हवा खेळती असते. घोड्यांना जड जातात ते इंधनासाठीचे थांबे. विमान धावपट्टीशेजारी उभं, दारं बंद, ऊन तापलेलं आणि आत घोड्यांच्या अंगाची ऊब, घाम आणि मूत्राची वाफ साचलेली. म्हणून जाणकार माणूस उड्डाण किती तासांचं, हे विचारण्याआधी वाटेत विमान कुठे आणि किती वेळ थांबणार, हे विचारतो. पोहोचल्यावर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातलं तापमान मोजतात. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर आकडा गेला की डॉक्टरला बोलावणं जातं.

‘एवढा उडून आलेला घोडा काय पळणार?’ या शंकेला शर्यतींनीच उत्तरं दिली आहेत. १९९३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या व्हिन्टेज क्रॉपने मेलबर्न कप जिंकला. उत्तर गोलार्धात तयार झालेल्या घोड्याने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाची लाडकी ब्लॅक कॅव्हिअर अंगाला घट्ट बसणारा खास पोशाख घालून इंग्लंडला उडाली आणि रॉयल ॲस्कॉटला निसटत्या फरकाने का होईना, जिंकली. प्रवासात वजन घटतं, पण त्यातला बराच भाग पाण्याचा आणि पोटातल्या चाऱ्याचा असतो, तो काही दिवसांत भरून येतो.

मग अडतं कुठे? घोडं पेंड खातं ते जमिनीवर, कागदपत्रांत.

टोकियो ऑलिम्पिकसाठी जुलै २०२१ मध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारातल्या ३६ घोड्यांना घेऊन लिएजहून निघालेलं विमान दुबईमार्गे हानेदा विमानतळावर उतरलं. प्रवास साधारण अठरा तासांचा होता. त्याआधी या घोड्यांच्या प्रकृतीवर ६० दिवस निगराणी होती आणि त्यानंतर सात दिवस जर्मनीतल्या आखेनमध्ये विलगीकरण. अठरा तास उडण्यासाठी दोन महिन्यांहून अधिक तयारी! तरी आजचे नियम सौम्य म्हणायचे. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला झालं, पण घोडेस्वारीच्या स्पर्धा तेवढ्या स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. परदेशी घोड्यांच्या विलगीकरणाचे ऑस्ट्रेलियाचे नियम इतके कडक होते, की घोडे तिथे नेणं शक्यच नव्हतं.

अंतर जितकं जास्त तितकी तपासणी जास्त, असं वाटतं. पण तपासणी ठरते ती दोन टोकांना कोणते रोग आहेत आणि कोणते करार आहेत, यावर. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटहून फ्रान्समधल्या दोव्हिलला जाणारा घोडा ब्रेक्झिटपूर्वी ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या करारामुळे फारशा कागदपत्रांविना ये-जा करत असे. २०२१ पासून त्याच छोट्या प्रवासासाठी सरकारी पशुवैद्याचं प्रमाणपत्र आणि रक्ततपासणी लागू लागली. अमेरिकेत युरोपमधून येणाऱ्या घोड्याला साधारण ४२ तास थांबावं लागतं, तर आफ्रिकन हॉर्स सिकनेस असलेल्या देशातून येणाऱ्याला ६० दिवस. हा रोग एका घोड्याकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही, बारीक चावऱ्या चिलटांमार्फत पसरतो. म्हणून त्याच्या विलगीकरणात भिंतींपेक्षा जाळ्या महत्त्वाच्या.

‘लस टोचलेला घोडा सुरक्षित’ ही समजूत ऑस्ट्रेलियाला २००७ मध्ये फार महागात पडली. त्या ऑगस्टमध्ये सिडनीजवळच्या इस्टर्न क्रीक विलगीकरण केंद्रात जपानहून आलेले घोडे होते, रीतसर लस घेतलेले. लसीमुळे लक्षणं दबली, तरी विषाणू अंगात वावरू शकतो आणि बाहेर पडू शकतो. जपानमध्ये त्याच सुमाराला अश्व-इन्फ्लूएन्झाची साथ सुरू झाली होती. केंद्राबाहेर रोग पसरला आणि सिडनीच्या शर्यतींचा वसंत हंगाम वाहून गेला. हजारो ठिकाणचे घोडे आजारी पडले. निवृत्त न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांच्या चौकशीत बोट घोड्यांपेक्षा माणसांकडेच गेलं. केंद्रात ये-जा करणाऱ्या कोणाच्या तरी अंगावरून किंवा अवजारांवरून विषाणू बाहेर पडला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज अशा केंद्रात आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

तपासणीचा अहवाल म्हणजे तब्येतीचा दाखला, हीसुद्धा अर्धवट समजूत. इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया हा घोडमाश्यांच्या चाव्यातून पसरणारा विषाणुरोग. त्यावर ना उपचार, ना सर्वमान्य लस, आणि एकदा झाला की विषाणू आयुष्यभर अंगात. अमेरिकन शास्त्रज्ञ लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास शोधलेली चाचणी म्हणूनच जवळपास प्रत्येक सीमेवर मागितली जाते. पायरोप्लाझ्मोसिसचं उलटं. हा गोचिडांमधून येणारा रोग होऊन गेलेला घोडा ठणठणीत असतो, शर्यती जिंकतो, पण रक्ताची चाचणी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येते. असा घोडा आजारी नाही, तरीही ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिका त्याला दार उघडत नाही. पाहुणा धट्टाकट्टा असला, तरी तिथल्या गोचिडांना त्याच्याकडून काय मिळेल, हा त्यांचा प्रश्न असतो.

अलीकडे तपासणी रोगांपुरतीही राहिलेली नाही. २०२० च्या मेलबर्न कपमध्ये डर्बी-विजेता अँथनी व्हॅन डाइक जायबंदी होऊन दगावला. त्यानंतर व्हिक्टोरियाच्या शर्यत-नियामकांनी परदेशी घोड्यांच्या पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं केलं. २०२४ मध्ये प्रशिक्षक एडन ओब्रायन यांचा यान ब्रुगेल हा घोडा अर्धं जग ओलांडून मेलबर्नला पोहोचला आणि स्कॅननंतर त्याला शर्यतीत उतरूच दिलं नाही. घोड्याच्या बाजूच्या पशुवैद्यांना हा निर्णय पटला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात याच घोड्याने एप्समला कोरोनेशन कप जिंकला, तेव्हा ‘बघा, स्कॅन चुकलं’ असं म्हणणाऱ्यांना बळ आलं. पण स्कॅन हाड मोडणारच असं भाकीत करत नाही, धोका किती वाढलाय एवढंच सांगतं. घोडा पुढे जिंकला म्हणून आधी दिसलेला धोका खोटा ठरत नाही.

आता आपल्याकडचा प्रश्न. मुंबई-पुण्याचे घोडे परदेशातल्या मोठ्या शर्यतींत क्वचितच का दिसतात? ‘आपले घोडे कमी पडतात’ किंवा ‘पैसा लागतो’ ही उत्तरं झटकन येतात आणि त्यांत तथ्यही थोडंफार असेल. पण रक्ताची चाचणी आडवी येते हे सांगितलं जात नाही. आपल्याकडे गोचीड आहे, पायरोप्लाझ्मोसिस आहे, सर्रा नावाचा रोग आहे. माणसालाही होऊ शकणारा ग्लँडर्स २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पुन्हा उगवला. २००८ मध्ये जम्मूतल्या कटऱ्याच्या खेचरं-घोड्यांपासून अश्व-इन्फ्लूएन्झाची साथ देशभर पसरली. जमेची बाजू अशी, की २०१४ पासून भारत आफ्रिकन हॉर्स सिकनेसमुक्त मानला जातो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. पण ती स्पर्धा खेळलेले चारही घोडे युरोपात ठेवलेले होते आणि स्वारही तिथेच राहून सराव करत होते.

२०२५ मध्ये या अडथळ्यात एक फट पडली. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात सरकारने अश्वरोगमुक्त कंपार्टमेंट उभं केलं आणि जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. बाहेरच्या घोड्यांपासून तोडलेला परिसर, ठरावीक चाचण्या, कीटकांपासून बचाव आणि माणसांच्या ये-जा करण्यावर कडक नियम, अशी ही व्यवस्था. इथे राहिलेल्या स्पर्धेच्या घोड्याला देशातल्या रोगांचा डाग न लागता परदेशी जाण्याचा मार्ग खुला होऊ शकतो. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या तबेल्यातल्या घोड्याला तो आपोआप मिळत नाही. त्याच्या रक्तात पायरोप्लाझ्मोसिसच्या खुणा असतील तर मेरठचं दारही त्याला बंदच राहील. शिवाय अंतिम अटी आयात करणारा देशच ठरवतो, आणि प्रत्येक देशाशी त्या स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात.