बाळाचे उष्टावण केव्हा करावे?

मायबहिणींनो, हा धडा तुमच्यासाठी आहे. घरातल्या बाप्यांनीही तो वाचावा. मूल वाढवणे हे एकट्या आईचे काम नव्हे.

घरात तान्हे मूल असले, की चौथ्या महिन्यापासून बोलणी सुरू होतात. शेजारीण म्हणते, "किती रडतंय गं! तुझं दूध पुरत नाही त्याला." सासूबाई म्हणतात, "वरणाचं पाणी चाटव थोडं." आणखी कोणी म्हणते, "दात आल्याबिगर काही देऊ नका." बिचारी आई गोंधळते. कुणाचे ऐकावे तिने?

सगळेजण बाळाच्या मायेपोटीच बोलतात. पण मायेपोटी सांगितलेले सगळे बरोबर असतेच असे नाही. म्हणून नीट विचार करू या.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. घुटी नको, मधाचे बोट नको, पाणीही नको. उन्हाळ्यातसुद्धा वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात पाणीच जास्त असते. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मात्र द्यावे. पूर्वी डॉक्टरही चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न सुरू करा, असे सांगत. म्हणून जुन्या बायका तसे सांगत असतील, तर त्या खोटे बोलत नाहीत. पुढे अधिक अभ्यास झाला. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने सहा महिने पूर्ण हीच मर्यादा ठरवली.

आता हिशेब बघा. 'सहावा लागला' आणि 'सहा भरले' यांत एका महिन्याचा फरक आहे. समजा, बाळ १० जानेवारीला जन्मले. १० जूनला त्याचे पाच महिने भरले आणि सहावा लागला. सहा महिने भरतील ते १० जुलैला. घास त्या सुमाराला सुरू करायचा.

आपल्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. मुलीचे पाचव्यात उरकले, तर तिचे चारच महिने भरलेले असतात. ते फार लवकर झाले. मुलाचे आठव्यावर ढकलले, तर त्याचे सात महिने भरून जातात. तो उशीर झाला. मुलगा असो की मुलगी, पोट सारखेच आणि भूकही सारखीच. मामाच्या मांडीवर बसवून, चांदीच्या वाटीतून खीर चाटवण्याचा सोहळा हौसेने करा, पण सहा महिने भरल्यावर करा. सोहळ्याला उशीर होणार असेल, तर रोजचा घास त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.

घाई का करू नये? लहान बाळाची जीभ घास बाहेर ढकलते. वरच्या अन्नातून आणि पाण्यातून जंतू पोटात जातात व हगवण लागते. शिवाय पोट पातळ पाण्याने भरले, की बाळ अंगावर कमी पिते.

मग उशीर केला तर काय बिघडते? बाळ आईच्या पोटातून येताना लोहाची शिदोरी घेऊन येते. ती सहा महिन्यांच्या सुमारास सरत येते. आईच्या दुधात लोह थोडेच असते. ते अन्नातून मिळाले नाही, तर रक्त कमी पडते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर सरकारी पाहणी झाली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांत सदुसष्ट मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशी मुले किरकिरी होतात, सारखी आजारी पडतात. पुढे शिकण्यातही मागे पडतात.

वय भरले, की बाळाकडे बघा. मान सावरते का? आधार दिला तर बसते का? आपण जेवताना आपल्या हाताकडे टक लावून बघते का? चमचा जवळ नेला तर तोंड उघडते का? घास बाहेर न ढकलता गिळते का? असे असेल तर बाळ तयार आहे. दातांची वाट बघू नये. मऊ घास हिरड्यांनीही चावता येतो.

काही खुणा मात्र फसव्या असतात. बाळ मूठ चोखते, लाळ गाळते, रात्री उठते. एवढ्यावरून ते अन्न मागते असे समजू नये. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. दिवसातून सहा वेळा किंवा जास्त शू होत असेल आणि कार्डावर वजन चढत असेल, तर दूध पुरते. वजन चढत नसेल, किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सुरुवात खिमटाने करावी. दोन मुठी तांदूळ आणि एक मूठ मुगाची डाळ धुऊन वाळवावी, भाजावी, भरडावी. त्यातले थोडे मऊ शिजवून वर चमचाभर तूप किंवा तेल घालावे. खिमट चमच्यावर टिकले पाहिजे, ओघळता कामा नये. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट फुगते, अंगी काही लागत नाही. पहिल्यांदा दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा द्यावे. हळूहळू अर्धी वाटी करावी. मग नाचणी, कुस्करलेले केळे, शिजवलेली पालेभाजी, चालत असेल त्या घरी उकडलेले अंडे. भाजीवर लिंबू पिळले, तर त्यातले लोह अंगी जास्त लागते. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे.

एक वर्षापर्यंत मीठ, साखर आणि मध देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. ते घशात अडकून जीव जाऊ शकतो. हात साबणाने धुवावेत. वाटी-चमचा वापरावा, बाटली नको. बाळाने तोंड फिरवले, तर बळेच कोंबू नये. थोड्या वेळाने पुन्हा द्यावे.

अंगणवाडीत सहा महिन्यांपासून बाळाचा आहार मिळतो. तो आणावा आणि बाळालाच द्यावा. सहाव्या महिन्याला आशाताई घरी येतात. मनातली शंका त्यांना विचारावी.

करून बघा

१. बाळाचे कार्ड काढा. त्यावरची जन्मतारीख मोठ्याने वाचा.
२. त्या तारखेपासून सहा महिने मोजा. येणारी तारीख कॅलेंडरावर स्वतःच्या हाताने लिहा.
३. घरातल्या सगळ्यांना ती तारीख वाचून दाखवा.