संसदेच्या अभिलेखांत आयुर्वेद शोधताना

मागील वर्षी संसदेचे अधिवेशन चालू असताना एका रात्री नऊच्या सुमारास आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा दूरध्वनी आला. तालुक्याच्या गावी त्यांची लहानशी औषधनिर्माणशाळा आहे. नमस्कार-चमत्कार न करताच ते म्हणाले, "वैद्यराज, रसौषधींवर बंदी आली म्हणे. संसदेतच सांगितले आहे." आम्ही विचारले, "अण्णा, कोणी सांगितले? कोणत्या दिवशी? लोकसभेत की राज्यसभेत?" यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. भ्रमणध्वनीवर आलेला चार ओळींचा निरोप तेवढा होता. त्या चार ओळींवर विसंबून त्यांनी आरोग्यवर्धिनीचे काम थांबविले होते, दोन दुकानदारांकडून माल परत मागविला होता आणि घोटून सिद्ध झालेली कज्जली तशीच झाकून ठेवली होती.

त्या निरोपाचे मूळ शोधण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. शोधाअंती जे हाती लागले ते वीस वर्षांपूर्वीचे होते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे त्यात नमूद होते. त्यावर बराच गदारोळ झाला. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र शासनाने आदेश काढला की निर्यात होणाऱ्या, केवळ वनस्पतिजन्य अशा आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांची जड धातूंसाठी चाचणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य राहील. आदेश निर्यातीपुरता आणि तोही वनस्पतिजन्य औषधांपुरता. या आदेशाचा उल्लेख पुढे संसदेतील लेखी उत्तरांतून येत राहिला. अशाच कोणत्या तरी उत्तरातील एक वाक्य उचलून, तारीख गाळून आणि 'बंदी' हा शब्द पदरचा घालून तो निरोप तयार झाला होता. अण्णांचे नुकसान मात्र खरे होते.

या प्रसंगानंतर आम्हांस वाटू लागले की संसदेचे अभिलेख स्वतः पाहण्याची सवय आपल्या व्यवसायात रुजावयास हवी. हे काम कठीण नाही, पण ते आळशी मनुष्याचेही नाही.

संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात १९५२ पासूनच्या चर्चा ठेवलेल्या आहेत. त्याआधीच्या संविधान सभेचे व केंद्रीय विधिमंडळाचे कामकाजही डिजिटल ग्रंथालयात मिळते. आपल्या उपयोगाचे त्यात मुख्यतः दोन प्रकार: विधेयकांवरील चर्चा आणि प्रश्नोत्तरे. तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी दिले जाते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी असते. लोकसभेत एका दिवसास २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न, अशी मर्यादा आहे. आपल्या विषयाची बहुतांश सामग्री या अतारांकित उत्तरांत, परिशिष्टांतील तक्त्यांत दडलेली असते. वर्तमानपत्रे तिकडे फिरकत नाहीत.

पहिली अडचण येते ती शब्दांची. 'आयुर्वेद' एवढा एकच शब्द घालून शोध घेणारा लवकर निराश होतो. येथे आपल्याला निघंटूंची आठवण व्हावी. गुडूची शोधणारा विद्यार्थी केवळ 'गुडूची' या नावावर अडून राहिला, तर अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी, वत्सादनी या नावांनी आलेले निम्मे उल्लेख त्याच्या हातून निसटतात. उलट 'अमृता' दिसली की गुडूचीच, असे समजणाराही फसतो, कारण तेच नाव हरीतकीला आहे आणि आमलकीलाही आहे. संसदेच्या कागदांचे असेच आहे. जुन्या चर्चांत आपले शास्त्र 'देशी चिकित्सापद्धती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी येते, आपण 'वैद' किंवा 'हकीम' यांच्या पंक्तीत येतो. मार्च १९९५ मध्ये भारतीय चिकित्सापद्धती व होमिओपॅथी यांचा स्वतंत्र विभाग झाला. त्या काळातील उत्तरे इंग्रजीत 'आयएसएम अँड एच' या आद्याक्षरांखाली सापडतात. नोव्हेंबर २००३ मध्ये त्या विभागाचे नाव 'आयुष' झाले आणि ९ नोव्हेंबर २०१४ रोजी स्वतंत्र मंत्रालय अस्तित्वात आले. म्हणून मंत्रालयाच्या रकान्यात 'आयुष' निवडून २००८ मधील उत्तर शोधू लागल्यास काहीही मिळणार नाही. ते आरोग्य मंत्रालयाखाली शोधावे लागते. औषधनिर्मात्यांनी 'एएसयू औषधे' हा शब्दप्रयोगही ध्यानात ठेवावा, कारण परवाने, जाहिराती व चाचण्या यांविषयीच्या उत्तरांत तोच अधिक येतो.

कायद्यांची नावेही अशीच चकवा देणारी आहेत. १९४० च्या औषध कायद्यात 'औषध' या शब्दाच्या व्याख्येतून केवळ आयुर्वेदीय व युनानी पद्धतीने वापरली जाणारी द्रव्ये वगळलेली होती. ती कायद्याच्या कक्षेत आली १९६४ च्या १३ व्या कायद्याने, ज्याने आपल्या परिचयाचे 'चार-अ' प्रकरण मूळ कायद्यात घातले. डॉ. सुशीला नायर तेव्हा आरोग्यमंत्री होत्या. आज प्रत्येक निर्माणशाळेच्या भिंतीवर जो परवाना टांगलेला असतो, त्याचे मूळ त्या दुरुस्तीत आहे. परंतु त्या विधेयकाच्या शीर्षकात आयुर्वेदाचे नाव नाही. ते औषधे व सौंदर्यप्रसाधने या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक होते. १९७० च्या भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद कायद्याच्या शीर्षकातही नाही, २०२० च्या आयोगाच्या कायद्याच्या शीर्षकातही नाही. अशा ठिकाणी कायद्याचा क्रमांक व वर्ष घेऊन मागे मागे जावे, विधेयक गाठावे आणि मग दोन्ही सभागृहांतील चर्चेच्या तारखांकडे वळावे.

आणखी एक गोष्ट. मूळ प्रतीत सदस्य ज्या भाषेत बोलला त्या भाषेत, म्हणजे बहुधा इंग्रजीत वा हिंदीत, भाषण छापलेले असते. रोमन लिपीत शोधले तर हिंदी भाषणे निसटतात. जुने खंड हे छापील पानांची छायाचित्रे असल्याने त्यांतील देवनागरी अक्षरे यंत्रास नीट वाचता येत नाहीत. तेथे अनुक्रमणिका उघडून, पाने उलटून, डोळ्यांनीच वाचावे लागते. आम्ही हे चष्मा पुसत पुसत केले आहे.

सापडले म्हणजे समजले, असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासिला आहे. पुरुषाची व रोगांची उत्पत्ती कशापासून, या प्रश्नावर मौद्गल्य पारीक्षी आत्म्याकडे बोट दाखवितो, वार्योविद रसाकडे, भिक्षु आत्रेय काळाकडे. आणि सर्वांचे ऐकून झाल्यावर पुनर्वसु आत्रेय निर्णय देतात. एखाद्याने वार्योविदाचे मत उचलून 'चरक असे म्हणतो' म्हणून सांगितले, तर परीक्षक त्यास गुण देईल काय? संसदेच्या बाबतीत मात्र आपण हे रोज खपवून घेतो. 'संसदेत म्हटले गेले' या तीन शब्दांत सदस्याचा प्रश्न, सदस्याचा आरोप, मंत्र्याचे उत्तर आणि संमत झालेला कायदा या चारही गोष्टी एकाच खलात घोटल्या जातात. 'सरकार अमुक औषधांवर निर्बंध घालण्याचा विचार करीत आहे काय?' हे प्रश्नाचे (क) कलम असते, निर्णय नव्हे. सभागृहातील भाषणाबद्दल सदस्यास संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदान्वये संरक्षण आहे. तेव्हा तेथे केलेला आरोप हा पुरावा मानता येत नाही.

उत्तरांचीही एक परिभाषा आहे. 'प्रश्न उद्भवत नाही' हे वाक्य इतक्या वेळा येते की ते यंत्रात आधीच छापून ठेवले असावे, असा संशय येतो. 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असे दिसल्यास तेथे थांबू नये. ते आश्वासन समजले जाते, तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते आणि त्यावर शासकीय आश्वासन समितीची देखरेख असते. खरे आकडे पुष्कळदा या पूर्तीच्या कागदांत मिळतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे उत्तर त्या तारखेपुरतेच खरे असते. नियम १७० चे उदाहरण औषधनिर्मात्यांच्या मनात ताजे असेल. जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून ओळख क्रमांक घेण्याचे बंधन घालणारा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. त्यानंतरच्या वर्षांतील संसदीय उत्तरांत त्याचा ठिकठिकाणी दाखला मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये या नियमाखाली कारवाई करू नये, असे पत्र मंत्रालयाने राज्यांना धाडले. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियमच वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली. २०२२ चे उत्तर हाती धरून २०२४ च्या सप्टेंबरात जाहिरात करणाऱ्याची अथवा रोखणाऱ्याची काय अवस्था झाली असती, हे सांगावयास नको. नियम बदलतो राजपत्रात, अडतो न्यायालयात. संसदेच्या अभिलेखात त्याची केवळ सावली पडते. अभिलेख पाहून झाल्यावर त्या नियमापुरते राजपत्र व न्यायालयाचे आदेश पाहणे ओघानेच येते.

परवाने देणे हे राज्याच्या प्रशासनाचे काम असल्याने दिल्लीतील उत्तर कित्येकदा 'हा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे' एवढ्यावरच संपते. अशा वेळी आपल्या विधानमंडळाचे कामकाज धुंडाळावे. १९३८ चा मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा आणि १९६१ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्यांच्या आधारे आपली नोंदणी उभी राहिली, त्यांच्या चर्चा तेथील आहेत.

अण्णांनी तिसऱ्या दिवशी कज्जलीवरचे झाकण काढले. परत आलेल्या मालाचा भुर्दंड त्यांनाच सोसावा लागला. आता त्यांच्या निर्माणशाळेतील नोंदवहीत एक नवे पान आहे. असा कोणताही निरोप आला की ते त्यावर सभागृह, तारीख, प्रश्न क्रमांक आणि बोलणाऱ्याचे नाव असे चार रकाने आखतात व निरोप धाडणाऱ्यासच ते भरावयास सांगतात. आजपर्यंत एकानेही चारही रकाने भरून दिलेले नाहीत, असे ते परवाच सांगत होते.