कापसाची सफाई : किती आणि कोणत्या यंत्राने?

कचऱ्याचे स्वरूप

विदर्भातील जिनिंगमध्ये येणारा कापूस बहुतांशी हाताने वेचलेला असतो. त्यात वाळलेला पाला, बोंडाची टरफले, माती आणि किडकी कवडी मिसळलेली असते. सरकी निघण्याआधी पाला कापसावर वरवर अडकलेला असतो. जिनमधून गेल्यावर त्याचा चुरा होतो आणि तो रुईत रुतून बसतो. म्हणून सफाईचा टप्पा निर्णायक ठरतो.

प्री-क्लीनर

काटेरी सिलिंडर कापूस पिंजत जाळीवरून पुढे ढकलतात. माती व चुरा खाली गळतो. तंतू अजून सरकीला धरून असल्याने त्याला इजा कमी होते. मात्र ओला कापूस कचरा सोडत नाही. अमेरिकेत वेचणी यंत्राने होते, कापसात काड्या फार येतात. तिथे दातेरी सिलिंडरांचे वेगळे स्टिक मशीन लागते. हातवेचणीच्या कापसाला ते लावणे म्हणजे विजेचा अपव्यय.

रोलर आणि सॉ जिन

जिनचे मुख्य काम सरकी वेगळी करणे; परंतु पुढे किती सफाई लागेल, हे जिनच्या प्रकारावरही ठरते. एली व्हिटनीच्या जिनला 1794 मध्ये पेटंट मिळाले. त्याच तत्त्वावरील सॉ जिन वेगवान असते, पण तंतूंना झोडपते. फोन्स मॅकार्थीच्या 1840 च्या रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर तंतू ओढतो, स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी ती झटकते. महाराष्ट्रात याच तत्त्वावरील डबल रोलर जिन रूढ आहे. त्यात तंतूची लांबी टिकते, पण रोलरवरील क्रोम-चामड्याची झिजलेली धूळ रुईत मिसळते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यासाठी क्रोमविरहित रोलर विकसित केले.

लिंट क्लीनर

दातेरी लिंट क्लीनर रुईचा पातळ थर लोखंडी पट्ट्यांवर झटकून कचरा काढतो. रुई पांढरी दिसते. मात्र तंतू तुटतात, गुठळ्या वाढतात आणि कचऱ्याबरोबर चांगली रुईही जाते. एअर-जेट प्रकारात हवेचा झोत एकदम वळतो आणि जड कण सरळ बाहेर पडतात. तंतू सुरक्षित राहतो. बारीक चुरा मात्र मागे उरतो.

यंत्राच्या आवाक्याबाहेर

केस, सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा तंतूसारखाच हलका व लांबट असतो. तो या यंत्रांतून रुईबरोबर पुढे जातो, सुतात शिरतो आणि रंगवलेल्या कापडावर वेगळी रेघ म्हणून उठून दिसतो. त्यावरचा स्वस्त उपाय शेतातच आहे : वेचणीसाठी सुती झोळी.